विज्ञानाची गोडी आणि समाजाचा पैसा



शिक्षणसंस्थेची स्मरणिका हाती आली की आपण प्रथम देणगीदारांची यादी पाहतो. कोणी वर्गखोली बांधून दिलेली असते, कोणी बाके दिलेली असतात, कोणी पाण्याची टाकी, तर कोणी गरीब विद्यार्थ्यांच्या फीची आणि गणवेशाची जबाबदारी उचललेली असते. ही सारी सवाबाची कामे होत. त्यांच्यावाचून शाळा उभी राहत नाही. परंतु मुलांना विज्ञानाची गोडी लागावी, त्यांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करून पाहावा, केवळ एवढ्याचसाठी दिलेला पैसा अशा यादीत क्वचितच आढळतो.

याचे कारण उघड आहे. खोली दिसते, बाक दिसते. जिज्ञासा दिसत नाही. भिंतीवर दगडी पाटी लावता येते, मुलाच्या मनात लागलेल्या गोडीवर पाटी लावता येत नाही. असे असले तरी विज्ञानाचा इतिहास चाळला तर या न दिसणाऱ्या गोष्टीसाठी लोकांनी वेळोवेळी पैसा दिला आहे, आणि त्यात आपल्याही समाजाचा वाटा आहे, असे दिसून येते. तो पैसा कोठून आला, कशावर खर्च झाला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यातील शाळांनी त्यातून काय घ्यावे, हा प्रश्न शेवटी आपणा सर्वांपुढे ठेवीत आहे.

वक्फातून उभी राहिलेली वेधशाळा

वक्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मशीद, दर्गा, कब्रस्तान, फार तर मदरसा येतो. परंतु इ. स. १२५९ मध्ये इराणातील मराघा येथे नसिरुद्दीन तूसी या थोर विद्वानाच्या देखरेखीखाली जी वेधशाळा सुरू झाली, तिचा खर्च वक्फाच्या उत्पन्नातून भागविला जात असे. हुलागूने वक्फांची व्यवस्थाच तूसी यांच्याकडे सोपविली होती. तेथे मोठमोठी वेधयंत्रे होती, ग्रंथालय होते आणि दूरदूरचे विद्वान येऊन काम करीत. राजाची मर्जी असेपर्यंतच चालणाऱ्या वेधशाळा पूर्वी झाल्या होत्या. मराघ्याची मात्र सुमारे अर्धशतक चालली. ताऱ्यांचे वेध एका रात्रीत पुरे होत नाहीत, त्यांना वर्षानुवर्षे लागतात, आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामाला दरवर्षी येणारा पैसा लागतो, ही गोष्ट तूसी यांनी ओळखली होती.

सातशे वर्षांपूर्वीच्या या वैभवाचा नुसता अभिमान बाळगून आपला प्रश्न सुटणार नाही. म्हणून आता आपल्या देशाकडे आणि अलीकडच्या काळाकडे वळू या.

अलीगढ आणि मुंबई

सर सय्यद अहमद खान यांचे नाव घेताच आपल्याला अलीगढचे कॉलेज आठवते. परंतु कॉलेजच्या आधी त्यांनी एक वेगळे काम केले होते, ते सहसा सांगितले जात नाही. १८६४ साली गाझीपूर येथे नोकरीत असताना त्यांनी ‘सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली आणि बदली होताच ती आपल्याबरोबर अलीगढला नेली. पाश्चात्त्य विद्येची पुस्तके उर्दूत आणणे, व्याख्याने भरविणे, शेतीची नवी अवजारे लोकांना दाखविणे ही तिची कामे होती. सभासदांत मुसलमान होते, हिंदू होते आणि इंग्रजही होते; राजा जयकिशनदास हे तर तिचे एक प्रमुख आधारस्तंभ होते. १८६६ पासून तिचे पत्रही निघू लागले आणि त्यात उर्दू व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. लोकांच्या मनात नव्या विद्येची भूक आधी निर्माण केली, आणि मग १८७५ साली शाळा काढली, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

मुंबईत याहूनही अगोदर, १८४८ साली, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आपली सभा काढली आणि तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखांमधून लोकांच्या भाषेत शास्त्रीय विषयांवर निबंध वाचले जाऊ लागले. हे विद्यार्थी काही श्रीमंत नव्हते.

श्रीमंतांनीही आपला वाटा उचलला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची भव्य इमारत १९२० साली खुली झाली, तिच्या प्रमुख देणगीदारांत सर कावसजी जहांगीर, सर जेकब ससून आणि वसनजी मुळजी यांच्याबरोबर सर करीमभाई इब्राहिम हेही होते. पारशी, ज्यू, हिंदू आणि मुसलमान अशा चौघांनी मिळून विज्ञानासाठी पैसा दिला. पुढे केंब्रिजला जाण्यापूर्वी होमी भाभा याच संस्थेत काही काळ शिकले.

एक मुलगा, एक चिमणी आणि उघडलेले कपाट

आता एक अगदी लहानशी घटना पाहू. १९०८ च्या सुमारास मुंबईतील एका शाळकरी मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. आईवडिलांचे छत्र हरपलेला हा मुलगा आपले मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढत होता. मामांनी त्याला पत्र देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनी त्याची हकीकत नीट ऐकून घेतली, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले आणि वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली.

ही सोसायटी १८८३ साली आठ मुंबईकरांनी स्थापन केली होती. त्यांपैकी दोघे भारतीय आणि दोघेही मराठी डॉक्टर होते – डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सभासदांच्या वर्गणीवर ती चाले. ती कपाटे, ते पक्षी, ती पुस्तके या वर्गणीतूनच जमली होती. एके दिवशी एक पोरका मुलगा येईल आणि त्याच्यासाठी हे कपाट उघडावे लागेल, असे वर्गणी भरणाऱ्यांपैकी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. तो आला तेव्हा कपाट भरलेले होते आणि ते उघडणारा माणूस हजर होता, एवढेच. पुढे सालिम अलींनी आपल्याला मिळालेल्या गेटी पारितोषिकाच्या रकमेतून याच संस्थेत निसर्गरक्षणाचा निधी उभारला. वर्गणीतून पेटलेल्या ठिणगीने संस्थेला दिलेले हे उत्तर होय.

कलकत्ता ते नागपूर

आपल्यापासून साठेक किलोमीटरवर नागपूरला रमण विज्ञान केंद्र आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले शाळेच्या सहलीत तेथे गेली असतील. ज्यांच्या नावे ते केंद्र आहे त्या सर चंद्रशेखर वेंकट रमण यांची गोष्टही लोकांच्या पैशाचीच गोष्ट आहे.

कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी अनेक वर्षे लेख लिहून आणि दारोदार फिरून वर्गणी गोळा केली आणि १८७६ साली विज्ञानसंवर्धनासाठी ‘इंडियन असोसिएशन’ ही संस्था काढली. तेथे फादर लाफों आणि स्वतः सरकार प्रयोगांसह जाहीर व्याख्याने देत. पण संशोधन करणारी माणसे मिळेनात. १९०४ साली सरकार वारले ते काहीसे निराशेतच. तीन वर्षांनी, १९०७ साली, सरकारी हिशेब खात्यात नोकरीला लागलेले तरुण रमण रस्त्याने जाताना संस्थेची पाटी पाहून आत शिरले. त्यांना प्रयोगशाळा वापरण्याची मुभा मिळाली. नोकरीच्या वेळेआधी आणि नंतर ते तेथे काम करू लागले. मध्यंतरी त्यांची बदली रंगूनला आणि आपल्या नागपूरलाही झाली होती. पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी याच प्रयोगशाळेत त्यांनी आपला प्रसिद्ध शोध जाहीर केला आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सरकार यांनी गोळा केलेल्या वर्गणीला फळ येण्यास अर्धे शतक लागले. पण दार उघडे राहिले म्हणूनच फळ आले.

विदर्भातही असा दाता होऊन गेला. कामठीचे खाण-उद्योजक डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले, तेव्हा सुमारे ३५ लाख रुपयांची मालमत्ता त्यांनी उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिली. त्यातूनच १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली.

स्वातंत्र्यानंतरचे प्रयत्न

मराठी भाषेत विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे काम ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने १९२८ पासून केले. २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिने संमेलने भरविली, पत्रिका काढली आणि विज्ञानकथांच्या स्पर्धा घेतल्या. १९७४ च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ नावाच्या कोणा अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नावामुळे परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते. एका कथास्पर्धेला खर्च तो किती येणार? पण त्या स्पर्धेने मराठी वाचकांना एक विज्ञानकथाकार दिला.

१९७४ सालीच मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले, त्याला सर दोराबजी टाटा ट्रस्टचे साहाय्य होते. या केंद्राच्या मंडळींनी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. मुलांना विज्ञान अवघड जाते त्याचे एक मोठे कारण पुस्तकाची बोजड भाषा हे आहे, असे त्यांना दिसून आले. भाषा सोपी केली की त्याच मुलांना तोच विषय समजू लागे. घरी एक बोली, शाळेत दुसरी भाषा आणि पुस्तकात तिसरीच, अशी ज्यांची अवस्था आहे त्या आपल्या मुलांच्या पालकांनी ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी. मूल मठ्ठ नसते, पुष्कळदा पुस्तक अवघड असते.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत १९७२ साली एक प्रयोग सुरू झाला. विज्ञान पाठ करायचे नाही, करून पाहायचे, हे त्याचे सूत्र. त्यासाठी स्वस्त साहित्याची पेटी शाळांना दिली गेली. १९७८ साली तो सगळ्या जिल्ह्यात पसरला. तेथील काम पाहून अरविंद गुप्ता या अभियंत्याने आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून खेळणी बनविली आणि पुढे पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून हजारो मुलांना ती बनवायला शिकविली. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र २००२ साली सरकारने बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबले.

याचा अर्थ सरकारने काही केलेच नाही असा नव्हे. १९८७ साली देशाच्या पाच दिशांनी भारत जन विज्ञान जथे निघाले आणि ७ नोव्हेंबरला भोपाळला मिळाले. त्याच वर्षापासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन पाळला जातो. १९९२ साली नागपूरचे रमण केंद्र सुरू झाले. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली. आज ‘इन्स्पायर – मानक’ योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला आपली कल्पना प्रत्यक्षात उतरविण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळेच्या योजनेत निवडलेल्या शाळेसाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. या योजनांचा लाभ आपल्या शाळांनी अवश्य घ्यावा. परंतु योजना निवडक शाळांपर्यंत आणि निवडक मुलांपर्यंत पोहोचते. ज्याची निवड झाली नाही त्या मुलाचे काय?

इतिहास काय शिकवितो?

वरील साऱ्या उदाहरणांतून तीन गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट, पैसा मुलाच्या हातापर्यंत पोहोचला पाहिजे. अनेक शाळांत विज्ञानाचे कपाट असते, पण ते कुलूपबंद असते. काचेची नळी फुटली तर भरपाई कोणी करायची, या भीतीने शिक्षक ते उघडत नाहीत, आणि वार्षिक तपासणीपर्यंत साहित्य जसेच्या तसे राहते. न वापरलेल्या भिंगापेक्षा वापरून तडा गेलेले भिंग बरे. म्हणून निधी देताना साहित्याच्या खरेदीबरोबर मोडतोडीचीही तरतूद असावी.

दुसरी गोष्ट, रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दरवर्षी यावी. मराघ्याची वेधशाळा, मुंबईची सोसायटी आणि कलकत्त्याची संस्था या तिन्हींचे मर्म हेच आहे. एका समारंभात दिलेली मोठी देणगी भिंतीत संपते. दरवर्षीची लहान वर्गणी दार उघडे ठेवते. सदका-ए-जारिया आणि लोकांना उपयोगी पडणारे इल्म या दोन्ही गोष्टींचा सवाब माणसाच्या पश्चातही चालू राहतो, अशी आपली श्रद्धा आहे. या निधीत त्या दोन्ही गोष्टी एकत्र येतात.

तिसरी गोष्ट, माणूस हवा. मिलार्ड यांनी कपाट उघडले नसते तर पक्षी आतच राहिले असते. डॉ. अब्दुल कलाम यांना रामेश्वरमच्या शाळेत शिवसुब्रमण्य अय्यर या शिक्षकांनी पक्षी कसा उडतो हे समुद्रकिनारी नेऊन दाखविले. त्याला एक पैसाही लागला नाही. पुढे अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी सुमारे हजार रुपये लागले, तेव्हा बहीण जोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. शिक्षकाने गोडी लावली आणि घराने ती टिकविली. दोहोंपैकी एक जरी नसते तरी काम अपुरे राहिले असते.

आपल्या दारातील विज्ञान

आपण म्हणाल, भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात मुलांनी कशाचा अभ्यास करायचा? उत्तर आपल्या दारातच आहे. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी नावाजलेले आहे. तांबे आणि जस्त एकत्र आले की पितळ होते, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा भांडी घडविणाऱ्या कारागिराकडे जाऊन पाहावे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइड बॅटरीचे सेल बनविण्याच्या कामी येते. टॉर्चच्या सेलमध्ये जी काळी भुकटी असते ती याच पदार्थाची. जी वस्तू मूल रोज हाताळते तिचे मूळ आपल्याच मातीत आहे, हे त्याला कळले की रसायनशास्त्र परके वाटत नाही.

धानाच्या बांधीतील पाणी, जुने मालगुजारी तलाव, मोहाडीकडचा कोसा, वैनगंगेचे पाणी, या प्रत्येकात एकेका प्रकल्पाचा विषय आहे. १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या नवेगावबांधला मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत राहून पक्ष्यांचा किती बारकाईने अभ्यास केला, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच. नोंदवही, पेन्सिल आणि धीर एवढ्यावर असा अभ्यास सुरू होतो.

आता हिशेबाची गोष्ट. शंभर पालकांनी महिन्याला प्रत्येकी दहा रुपये दिले तर वर्षाला १२,००० रुपये होतात. ‘इन्स्पायर’मध्ये एका निवडलेल्या मुलाला मिळणाऱ्या रकमेपेक्षा ही रक्कम जास्त आहे, आणि ती सर्व मुलांसाठी वापरता येईल. त्यातून भिंगे, लोहचुंबक, तापमापी, परीक्षानळ्या, लिटमस कागद घेता येतील. वर्षातून एकदा नागपूरच्या रमण केंद्राची सहल काढता येईल आणि ज्यांना बसभाडे परवडत नाही त्यांचे भाडे भरता येईल. २८ फेब्रुवारीला शाळेत प्रयोगांचे प्रदर्शन भरवून त्यात माता-पालकांना बोलाविता येईल. या निधीचा जमाखर्च दरवर्षी याच स्मरणिकेत छापावा. विश्वास असला की वर्गणी आपोआप येते.

मुलींचा उल्लेख मुद्दाम करतो. दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यायची तर नागपूरला जावे लागेल, दूर पाठवायचे कसे, या विचाराने कित्येक हुशार मुलींचे विज्ञान दहावीतच संपते. हा निर्णय दहावीच्या निकालानंतर होतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो सहावी-सातवीतच झालेला असतो, कारण तोपर्यंत त्या मुलीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेलाच नसतो. ज्या मुलीने कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी स्वतः पाहिल्या आहेत, ती आपल्या अब्बांशी विज्ञानासाठी भांडेल. आणि असे भांडण ऐकून घेणे हे अब्बांचे भाग्यच होय.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. सालिम अलींनी एक प्रश्न मनात धरला आणि तो घेऊन ते अनोळखी दारापर्यंत गेले. तुमच्या शिक्षकांना प्रश्न विचारा. उत्तर लगेच मिळाले नाही तर निराश होऊ नका, आणि कपाट बंद दिसले तर अदबीने म्हणा, “सर, जरा उघडून दाखविता का?”

आणि पालकहो, तुमच्या मुलाने असा प्रश्न विचारला तर त्या कपाटात दाखविण्यासारखे काही असावे, एवढी व्यवस्था करणे आपणा सर्वांचे काम आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेतील देणगीदारांच्या यादीत ‘प्रयोग निधी’ असा एक नवा मथळा दिसावा आणि त्याखाली लहान लहान रकमांची पुष्कळ नावे असावीत, अशी अल्लाहच्या चरणी दुआ करून हा लेख पुरा करतो.